तोफ परत आली त्या आठवड्यात

मी एका मराठी वृत्तवाहिनीत डेस्कवर काम करते. ऑफिस अंधेरीला, मरोळच्या आत. अँकर पडद्यावर जे वाचते ते बहुतेक वेळा माझ्यासारख्या कुणीतरी लिहिलेलं असतं, आणि खालून सरकणारी पट्टीही आम्हीच टाइप करतो. पाहणाऱ्याला आम्ही कधी दिसत नाही. एवढी वर्षं मला ते सोयीचं वाटत आलं. चुकलं तरी चेहरा कुणाला ठाऊक नसायचा.

परदेशातून परत येणाऱ्या जुन्या वस्तूंच्या बातम्या माझ्याकडे यायच्या. तसं कुणी ठरवलं नव्हतं. कॉलेजात माझा विषय इतिहास होता, हे एकदा चहाच्या वेळी मी बोलून गेले, तेव्हापासून मूर्ती आली की हाक मला. या बातम्यांचा आमच्याकडे एक साचा तयार झाला होता. वर मोठ्या अक्षरांत 'लुटलेला वारसा स्वगृही', मागे तुतारी, मग वस्तूचा फोटो चमकवून फिरवायचा, मग दोन माणसांच्या प्रतिक्रिया. एखादी मूर्ती अलीकडे तस्करांनी देवळातून उचलून विकलेली असायची. एखादं शस्त्र लढाईत गेलेलं असायचं. एखादी वस्तू तर इथल्याच कुणी साहेबाला खुशीने भेट दिलेली असायची. साचा तिन्हींना तोच. मी वस्तूचं नाव बदलायचे, देशाचं नाव बदलायचे आणि जेवायला जायचे. काहीतरी टोचायचं, पण पुढची बातमी आली की ते टोचणंही जायचं.

तोफेच्या बातमीने मात्र मला बसू दिलं नाही. याचं पहिलं कारण साधं होतं. ती तोफ आमच्या तालुक्यातल्या गडावरची होती.

बाबा कोकणातले. आजोबा गिरणीसाठी मुंबईत आले, बाबा विक्रोळीच्या कारखान्यात चिकटले आणि तिथूनच निवृत्त झाले. आई गेल्यापासून आम्ही दोघंच कन्नमवार नगरात राहतो. चाळिशी ओलांडलेली मी अजून त्यांना सकाळी कुठे जाते, कधी येणार ते सांगून निघते. त्या सकाळी मात्र मी काही सांगायच्या आत तेच टीव्हीसमोरून ओरडले.

"काय गो, आपल्या गडावरची तोफ येता! बघलंस?"

"बघितलं बाबा. आमच्याच चॅनेलवर चाललंय ते."

"मंडळात सगळ्यांका सांगितलंय, माझा चेडू ही बातमी करता म्हणून. नीट लिही हां."

चेडू म्हणजे मुलगी, आणि मंडळ म्हणजे गावच्या लोकांचं ग्रामस्थ मंडळ. गावातली अर्धी माणसं विक्रोळी, कांजूर, भांडुपमध्येच आहेत, त्यामुळे बाबांचं गाव संध्याकाळी बाकड्यावर भरतं. बाबांचा चेहरा त्या दिवशी एखाद्या लग्नघरच्या माणसासारखा फुलला होता. मी हो म्हटलं आणि लिंक रोडची बस पकडली.

ऑफिसात तोफेचे फोटो आले होते. परदेशातल्या संग्रहालयाने पाठवलेले, चांगले मोठे. फार मोठी तोफ नव्हती ती. हिरवट झालेली, तोंडाशी थोडी फुटलेली. आमच्या ग्राफिक्सवाल्याने तिच्यावर झेंडूचा हार चढवला होता, कॉम्प्युटरवरच. छान दिसत होता. मी मूळ फोटो मोठा करून बघितला तेव्हा हाराखाली दडलेली जागा दिसली. तिथे एक ढाल कोरलेली होती, ढालीत लहान लहान ढाली, वर मुकुट आणि बाजूला रोमन अक्षरं. ही आपली खूण नव्हती, इंग्रजांचीही नव्हती. असली ढाल मी वसईच्या किल्ल्यात दरवाज्यावर बघितली होती, कॉलेजच्या सहलीत.

त्या सहलीला ज्या बाई आम्हाला घेऊन गेल्या होत्या त्या आता निवृत्त होऊन मुलुंडला राहतात. मी त्यांना फोटो पाठवला आणि लगेच फोन केला. बाईंचा स्वभाव तडकाफडकी. नमस्कार-चमत्कार न करताच त्या सुरू झाल्या.

"पोर्तुगालच्या राजाचं चिन्ह आहे ते. तोफ पोर्तुगीजांची."

"पण ती आपल्या गडावरून इंग्रजांनी नेली ना?"

"हो, नेली. तेही खरं आहे. अगं, मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून कितीतरी तोफा जिंकून आणल्या. चर्चच्या घंटासुद्धा आणल्या. क्रॉस असलेल्या घंटा अजून आपल्या देवळांत वाजतायत. ही तोफ तशीच कुठल्या तरी मोहिमेत आली असणार. कुठल्या, ते मी फोटोवरून नाही सांगू शकत. मग पेशवाईच्या अखेरीला इंग्रजांनी कोकणातले गड घेतले तेव्हा ती त्यांच्या हाती लागली."

"म्हणजे दोनदा जिंकलेली."

"निदान दोनदा. आणि इंग्रजांनी घेतली म्हणजे कुणी घेतली, हेही विचार. कंपनीची मुंबईची फौज होती ती. गोरे अधिकारी मूठभर. बाकी शिपाई कोण? रत्नागिरीकडचे, सावंतवाडीकडचे. आपलीच माणसं."

 हे मला माहीत नव्हतं असं नाही. परीक्षेत लिहिलंही असेल. पण ते आमच्या गडाबद्दल, बाबांच्या त्या फुललेल्या चेहऱ्याबद्दल आहे, असं कधी वाटलं नव्हतं.

"मग तोफ परत मागायला नको होती का आपण?" मी विचारलं.

"असं मी कुठे म्हटलं? गड आपला होता, तोफ त्यावरून उचलून नेली, त्यांनी ती दोनशे वर्षं मिरवली. परत आली ते उत्तमच. पण बातमीत ती अशी येते, जणू इथल्याच भट्टीत ओतली, चोराने नेली आणि आता चोर शरमून परत देतोय. ती माणसं कुठे गेली? आणि हे बघ, सांगणार असशील तर सगळं सांग. का गेली ती माणसं त्या फौजेत, तेही सांग. अर्धवट सांगायचं असेल तर नको सांगूस."

मी अडीच मिनिटांच्या पॅकेजमध्ये, म्हणजे आधी तयार करून ठेवायच्या बातमीत, पाच वाक्यं घातली. तोफेवरचं चिन्ह, आधीची लढाई, इंग्रजांची फौज, त्यातले कोकणी शिपाई, आणि त्या काळी एखाद्या घरातला एक भाऊ गडावर आणि दुसरा कंपनी सरकारच्या पलटणीत कसा असू शके, ते. पाचवं वाक्य लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

संपादकांनी वाचलं. ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी स्वतः तरुणपणी लांब लांब लेख लिहिलेत.

"चांगलं आहे गं," ते म्हणाले. "पण आज नको."

"मग कधी सर?"

"आज लोकांना आनंद व्हायचाय. तू त्यांना आनंदात गणित सोडवायला लावतेयस. वेबसाइटवर टाकू नंतर."

नंतर म्हणजे काय ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. पॅकेज साच्यातच गेलं. दिवसभर तुतारी वाजत राहिली. मी जेवायला खाली उतरले तर हॉटेलातल्या टीव्हीवर तीच तोफ, तोच हार. परत वर आले तर लिफ्टमधल्या पडद्यावर तीच. मी साच्यातलं माझंच रिकामं वाक्य पुन्हा पुन्हा ऐकत होते आणि खुर्चीत नुसती चुळबुळत होते.

तोफ सहार विमानतळाच्या कार्गोत दुसऱ्या दिवशी उतरणार होती. आमच्या ऑफिसपासून हाकेच्या अंतरावर. सकाळपासून आमचा रिपोर्टर तिथे फाटकाबाहेर उभा होता, बाहेर ढोलपथक आलं होतं, शाली घेऊन माणसं आली होती. सगळ्या वाहिन्या लाइव्ह. आणि पेटी काही बाहेर येईना. कस्टमचे कागद राहिले होते म्हणे.

मी त्या वेळी पीसीआरमध्ये बसले होते. बुलेटिन जिथून चालवतात त्या खोलीला आम्ही पीसीआर म्हणतो. समोर भिंतभर पडदे, आणि टेबलावर एक बटन, जे दाबून बोललं की अँकरच्या कानातल्या यंत्रात ऐकू जातं. स्टुडिओत होती ती आमची सगळ्यात तरुण अँकर, बोरिवलीची, बोलायला फटाकडी आणि कामाला चोख. मला ताई म्हणायची. तिने रिपोर्टरला विचारलं, तिथे काय वातावरण आहे. त्याने सांगितलं, उत्साहाचं आहे. तिने थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा सांगितलं, उत्साहाचं आहे. ढोल वाजले, थांबले. पॅकेज दोनदा दाखवून झालं. ब्रेक घेऊन झाला. तिने काचेतून माझ्याकडे बघितलं आणि भुवया उडवल्या. म्हणजे, आता काय बोलू?

मी बटन दाबलं.

"तोफेवर पोर्तुगालच्या राजाचं चिन्ह आहे, ते सांग."

तिने ते लगेच उचललं, जणू तिलाच आठवलं. "प्रेक्षकहो, एक रंजक गोष्ट. या तोफेवर पोर्तुगालच्या राजाचं चिन्ह कोरलेलं आहे..."

"म्हणजे मराठ्यांनी ती पोर्तुगीजांकडून जिंकली असावी."

तिने सांगितलं. तिचा आवाज जरा चढला, डोळे चमकले. अनेक तासांनी तिला काहीतरी खरं बोलायला मिळालं होतं. माझं बोट बटनावरून निघेना. मी पुढचं सांगितलं, की गड घेणाऱ्या इंग्रजांच्या फौजेत बहुतेक शिपाई आपल्याच भागातले होते. तीही म्हणाली, "आणि गड घेणाऱ्या फौजेत आपलीच, कोकणातलीच माणसं होती."

मी पाचव्या वाक्याकडे वळत होते. त्या माणसांनी असं का केलं असेल, त्यांना काय समोर दिसत होतं. तेवढ्यात शेजारून कुणीतरी ओरडलं, "पेटी! पेटी आली!" आणि पडदा सहारच्या फाटकावर गेला. ढोल सुरू झाले. गाडीवर लाकडी पेटी, तिच्यावर हार, या वेळी खरा.

मला बरं वाटत होतं. हे लिहिताना लपवत नाही. आतली दोन दिवसांची खळबळ जरा निवली होती.

संध्याकाळी क्लिप फिरू लागली. आमच्याच प्रक्षेपणातून कुणीतरी एकच वाक्य कापून काढलं होतं. चिन्ह नव्हतं, पोर्तुगीज नव्हते, पुढचं तर आलंच नव्हतं. फक्त आमची अँकर, हसऱ्या चेहऱ्याने, "गड घेणाऱ्या फौजेत आपलीच, कोकणातलीच माणसं होती." खाली लिहिलेलं, 'तोफ घरी आली तर यांच्या पोटात दुखतंय.' दुसऱ्या कुणी लिहिलं, 'कोकणी माणसाला गद्दार म्हणणाऱ्या चॅनेलवर बहिष्कार.' मी बघत गेले तसा आकडा वाढत गेला. तिचा फोटो, तिच्या कपड्यांवर शेरे, तिच्या आडनावाची चिरफाड. नंतर नंतर मी वाचणं सोडलं आणि नुसताच अंगठा वर सरकवत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मेकअप रूममध्ये एकटी बसली होती. मी आत गेले. तिने आरशातूनच बघितलं.

"ताई, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकलंय कुणीतरी. आईला खालच्या वाण्याने विचारलं, तुमची मुलगी असं का बोलली म्हणून."

"माझंच वाक्य होतं ते. मी सरांना आत्ता जाऊन सांगते. सगळ्यांना सांगते."

"सांग ना. पण त्याने काय होणार? तू माझ्या कानात बोललीस. तोंड माझं होतं."

मी कोपऱ्यातलं स्टूल ओढून बसले. तिला खोटी सहानुभूती नको होती, हे कळत होतं. मग तिनेच विचारलं, या वेळी माझ्याकडे वळून, "खरं आहे का ते? की तू वेळ भरायला काहीतरी सांगितलंस?"

"खरं आहे."

"मग पुढचं काय होतं? तू काहीतरी बोलत होतीस, मला 'पण' एवढंच ऐकू आलं."

मी तिला सांगितलं. तिथेच, स्टुलावर बसून. गडाखालच्या गावांत त्या वर्षांत काय चाललं असेल, कधी एक फौज, कधी दुसरी, वैरण आणि धान्य उचलून नेणारे सगळेच. नोकरी देणारी पलटण दारात आली तर धाकटा मुलगा जायचा. त्याच्यासाठी देश म्हणजे आज आपण म्हणतो तो नव्हता, त्याच्यासाठी गाव होतं, धनी होता. आणि गडावरचेही लढले, मेले. त्यांच्यात आणि वर चढणाऱ्यांत कदाचित नात्यागोत्याचे लोक असतील. बाईंनी मला जेवढं सांगितलं होतं तेवढं, आणि जिथे नक्की माहीत नाही तिथे माहीत नाही असं.

ती ऐकत होती. मेकअपवाली हातातला ब्रश तसाच धरून ऐकत होती.

"हे तू का नाही लिहिलंस?" अँकर म्हणाली.

"लिहिलं होतं. कापलं."

घरी तर आदल्या संध्याकाळीच वेगळं काहीतरी वाट बघत होतं. बाबा बाकड्यावरून लवकर परतले होते. मी पाय धुवून आले तरी बोलेनात. ताटं मी वाढली. त्यांनी भात कालवला आणि मग खाली बघूनच म्हणाले, "आमचे लोक इंग्रजांबरोबर? कोणी सांगितल्यान तुका?"

"बाबा, ते वाक्य मी दिलेलं, तुम्हाला कसं कळलं?"

"माका कळता. ती पोरगी गडाचा नाव पण नीट घेय नाय. ह्यां तुझाच."

"खरं आहे ते."

"खरां असात. पण सगळ्यांसमोर सांगूक होया? मंडळातले हसतत माका. म्हणतत, तुझ्या चेडवान आपल्याक गद्दार केल्यान."

"गद्दार मी नाही म्हटलं."

"मगे काय म्हटलंस?"

मी सांगायला गेले तर ते उठले. त्या रात्री आणि पुढचे काही दिवस आमच्या घरात फक्त भांडी बोलली. सकाळी मी "येते" म्हणायचे, ते पेपर वर धरायचे. खाडीकडून वारा आला की कांजूरच्या कचऱ्याचा वास घरात शिरतो, तेव्हा खिडकी कुणी लावायची यावरही आम्ही एकमेकांकडे न बघता ठरवायचो.

ऑफिसात संपादकांनी बोलावलं. मी आधीच कबूल केलं होतं, त्यामुळे त्यावर ते काही बोलले नाहीत. म्हणाले, "वरून फोन आलेत. दिलगिरी लिही. दोन ओळी. भावना दुखावल्या असतील तर वगैरे. दुपारच्या बुलेटिनला ती वाचेल."

मी दोन ओळी लिहायला बसले. हाताला सवय होती, चटकन जमायला हवं होतं. जमेना. लिहिलं, खोडलं, उठून पाणी प्याले, परत बसले. दिलगिरी कशाबद्दल? वाक्य खोटं नव्हतं. अर्धं होतं. त्याच्या अर्धेपणाबद्दल मला खरंच वाईट वाटत होतं, पण दिलगिरी ज्यांना हवी होती त्यांना तशी नको होती.

मी काय लिहू ते सुचायच्या आत अँकर संपादकांच्या केबिनमध्ये शिरली. काचेचं केबिन, सगळं दिसतं. ती उभी राहून बोलत होती, हात हलवत. मग त्यांनी मलाही आत बोलावलं.

"ही म्हणते दिलगिरी वाचणार नाही," ते म्हणाले.

"वाचेन म्हटलं सर. अर्ध्या वाक्याची वाचेन. पण मग पूर्ण वाक्य ताईने येऊन सांगायचं. माझ्या कानात नाही. माझ्या शेजारी बसून."

"मी?" मी म्हटलं.

"तूच. तुला माहितीये ना."

संपादक खुर्चीत मागे रेलले. क्लिप अजून फिरत होती, लोक आमच्या वाहिनीवर येऊन येऊन शिव्या देत होते, आणि शिव्या द्यायला का होईना येत होते, हे त्यांना दिसत होतंच. तेवढ्यासाठीच ते हो म्हणाले की त्यांच्यातला जुना लेख लिहिणारा माणूस हो म्हणाला, मला सांगता येणार नाही. दोन्ही असेल. "चार मिनिटं," ते म्हणाले. "आणि एकही विशेषण नको."

मी आयुष्यात पहिल्यांदा स्टुडिओच्या त्या बाजूला बसले. दिवे इतके गरम असतात हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. मेकअपवालीने गालाला काहीतरी लावलं. अँकरने दिलगिरी वाचली, "आमचं वाक्य अपुरं होतं, त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत," एवढीच. मग माझ्याकडे वळली आणि अगदी मेकअप रूममध्ये विचारलं होतं तसंच विचारलं.

"खरं आहे का ते?"

मी बोलले. तोफेवरच्या ढालीपासून सुरुवात केली. या वेळी फोटोवर हार नव्हता, मी ग्राफिक्सवाल्याला तो काढायला लावला होता. मी म्हटलं, ही तोफ आमच्या तालुक्यातल्या गडावरची, माझे वडील तिथले, तोफ परत आली याचा त्यांना झालेला आनंद मी बघितलाय आणि तो मला मोडायचा नाही. पण तोफ ज्या ज्या हातांतून गेली ते हात आपण पुसून टाकले तर आपल्या हाती नुसतं ओतलेलं धातूचं नळकांडं येईल. मग शिपायांबद्दल सांगितलं. नक्की किती, कुठल्या गावचे, मला माहीत नाही, असंही सांगितलं. 'माहीत नाही' हे शब्द आमच्या पडद्यावर याआधी कुणी उच्चारले असतील असं मला वाटत नाही. माझा घसा दोनदा कोरडा पडला. एकदा वाक्य विसरले. अँकरने पुढचा प्रश्न विचारून सावरून घेतलं.

बाहेर आल्यावर मी घटाघट पाणी प्याले. फोनवर मुलुंडच्या बाईंचा निरोप होता. मी लगेच फोन लावला, शाबासकीच्या आशेने.

"पुष्कळ राहिलं," बाई म्हणाल्या. "आणि तू फार घाईघाईत बोलतेस. पण बरं केलंस."

चांगलं काही एका दिवसात झालं नाही. मलाही शिव्या आल्या, आता चेहरा होता ना. काहींनी माझं गाव काढलं. चार मिनिटांमधूनही दहा सेकंद कापून फिरवलीच लोकांनी, 'नळकांडं' म्हटल्याबद्दल. खरं तर तो शब्द मला टाळता आला असता. पण आमच्या तालुक्यातल्या काही लोकांनी वेगळं लिहिलं. एकाने विचारलं, त्या फौजेची माहिती कुठे मिळेल? दुसऱ्याने लिहिलं, आमच्या देवळातली घंटा अशीच आहे, अक्षरं कुणाला वाचता येत नाहीत, फोटो पाठवू का? मी तो फोटो बाईंकडे पाठवला. अँकरच्या आईला खालच्या वाण्याने पुन्हा थांबवलं आणि म्हणाला, आता समजलं. ते तिने मला दोनदा सांगितलं, एरवी ती कुठलीच गोष्ट दोनदा सांगत नाही.

पुढच्याच महिन्यात एक मूर्ती परत आली. साचा तोच लागला, तुतारी तीच वाजली. मी सुट्टीवर होते. संपादकांना मी विचारलं, तर म्हणाले, "प्रत्येक वेळी कसं जमणार गं?" मी चिडले, आणि नंतर स्वतःवरही चिडले, कारण उत्तर माझ्याकडेही नव्हतं. आता मी प्रत्येक अशा बातमीत एक वाक्य घालायला भांडते. कधी राहतं, कधी जातं. राहिलं तरी त्याचं कुणी पुढे काय करेल या धास्तीने मी ते पुन्हा पुन्हा वाचते. पूर्वी जेवायला जायचे, आता जेवण गार होतं.

बाबांचं बोलणं एका रविवारी सुरू झालं. ते ओट्याशी उभे राहून बांगडे साफ करत होते. हे काम ते मला कधी करू देत नाहीत, माझा हात पडला तर मासा वाया जातो म्हणतात. माझ्याकडे पाठ होती.

"गो."

"काय बाबा?"

"आपल्या घराक गावात सुभेदाराचा घर म्हणतत."

"हो."

"कित्या?"

मी दारात थांबले. लहानपणापासून मी हे ऐकत आले होते. गावी उतरलं की रिक्षावाल्याला सांगायचं, सुभेदारांच्या घराकडे. आमच्यात कुणी सुभेदार मला तरी ठाऊक नव्हता.

"माका लहानपणी वाटायचा," बाबा म्हणाले, "महाराजांचो सुभेदार असतलो. तलवार, घोडो. मंडळात पण तसाच सांगलंय मी. पण सुभेदार कंपनीच्या पलटणीत पण असायचो ना?"

"असायचा. शिपायांतला वरचा हुद्दा होता तो."

"मगे आपलो खयचो?"

"माहीत नाही बाबा."

त्यांनी नळ सोडला, सुरी धुतली, परत मासा हातात घेतला. त्यांना राग आला की दुःख झालं, मला पाठीवरून कळेना. मासा कापता कापता ते म्हणाले, "टीव्हीवर सांगलंस ता मी बघलंय. मंडळात सगळ्यांनी बघलान. कोण हसूक नाय."

"तुम्हाला कसं वाटलं?"

"तू पाणी पीत नाय होतंस. घसो सुकलो तुझो."

त्या दुपारी जेवल्यावर त्यांनी गावी असलेल्या त्यांच्या आत्याला फोन लावला. ती नव्वदीच्या पुढची, तिला ऐकू कमी येतं. बाबा ओरडून विचारत होते, "आपलो सुभेदार खयचो? कोणाच्या फौजेत?" पलीकडून ती बांगडे मिळतात का मुंबईत ते विचारत होती. त्यांनी पुन्हा विचारलं. मग तिच्या मुलाला फोन द्यायला लावला, मग मुलाने सांगितलेल्या दुसऱ्या एका घराचा नंबर मागितला. मी शेजारी बसले होते. बाबांनी फोन खाली ठेवला, चष्मा पुसला आणि पुढचा नंबर फिरवायला घेतला. तिथेही कुणाला माहीत नव्हतं. अजून नाही. ते अजून विचारतायत.